महिना पुरत नसेल तेव्हा कुणाचे पैसे आधी द्यायचे?

वीस तारीख उलटली की पाकीट रिकामं होतं आणि मग जो आधी फोन करेल, जो आवाज चढवेल, त्याला पैसे दिले जातात. ओढाताणीच्या घराचं खरं नुकसान इथेच होतं. भाजीच्या जुडीमागे पाच रुपयांची घासाघीस करणाऱ्या घरातून क्रेडिट कार्डाचं व्याज, न वटलेल्या हप्त्याचा दंड आणि उशिराचा आकार असे हजार-दीड हजार रुपये मुकाट्याने जातात. म्हणून काटकसरीला हात घालण्याआधी एक काम करायचं. आलेला पैसा कुठल्या क्रमाने बाहेर जाईल, ते आपण ठरवायचं.

समजा एक घर आहे. नवरा-बायको, दोन मुलं, भाड्याची जागा आणि महिन्याला हातात येणारे 24,000 रुपये. याच घराचा हिशेब पुढे धरून चालू.

१. तारखा कॅलेंडरवर उतरवा

खर्चाची वही बहुतेकांची चार दिवसांत बंद पडते. त्यापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. दुधाचे खाडे आणि नवं सिलिंडर लावल्याची तारीख आपण तिथे मांडतोच. त्याच चौकटींत लिहा: पगार कोणत्या तारखेला, भाडं कधी, गाडीचा हप्ता कधी कापला जातो, बचत गटाची बैठक कधी, कार्डाचं बिल कधी. मग वर्षातून एकदा येणारे खर्चही त्या त्या महिन्यात टाका. जूनमधली वह्या-पुस्तकं, गणपती, दिवाळी, विम्याचा हप्ता. हे खर्च अचानक येत नाहीत, आपण ते आधी लिहीत नाही इतकंच.

असं लिहिलं की एक गोष्ट लगेच दिसते. पगार 7 तारखेला आणि हप्ता 5 तारखेला, अशी घरं कमी नाहीत. खात्यात पैसे नसताना हप्ता कापायला आला तर बँक दंड लावते आणि कर्ज देणारी कंपनी वेगळा लावते. तारीख पगारानंतरची करून देण्याची विनंती कर्जदात्याकडे लेखी करा. क्रेडिट कार्डाचं बिलिंग चक्र, म्हणजे दर महिन्याला बिल निघण्याची तारीख, बदलून घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच आहे.

२. घरातल्या सगळ्यांसमोर आकडे मांडा

एकाने लपवलेलं कर्ज दुसऱ्याच्या काटकसरीला खाऊन टाकतं. कुणी मित्राकडून घेतलेले असतात, कुणी भिशीतून उचललेले असतात. रागावायचं नाही असं आधी ठरवून सगळं एका कागदावर आणा. नववी-दहावीतल्या मुलांनाही जमेल तेवढं सांगा. त्यांना परिस्थिती कळते, फक्त कुणी त्यांच्याशी बोलत नाही.

आपल्या घराचा कागद असा दिसतो: भाडं 6,000, किराणा, दूध, भाजी 7,500, गॅस 900, वीज आणि मोबाईल 1,300, शाळा आणि रिक्षा 2,200, औषधं 800, कामावर जाण्या-येण्याचे 1,500. हे झाले 20,200. त्यावर दुचाकीचा हप्ता 2,600, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता 1,500 आणि कार्डाची 'किमान देय रक्कम', म्हणजे बिलातला निदान भरावाच लागणारा भाग, 1,000. एकूण 25,300. दर महिन्याला 1,300 रुपये कमी. हीच तूट कार्डावर चढत जाते आणि कार्डाचं बिल वाढतं.

३. क्रम लावा

सर्वात आधी पोट, औषध, छप्पर आणि कामावर जाण्याचा खर्च. कमाईचं साधनच बंद पडलं तर बाकी कुणालाच पैसे मिळणार नाहीत, म्हणून पासचे किंवा पेट्रोलचे पैसे या पहिल्या गटात धरा.

त्यानंतर, थकले तर काहीतरी काढून नेलं जाईल अशी देणी. गाडीचा हप्ता, तारण ठेवलेलं सोनं, घराचं कर्ज. सोनेतारणात मुद्दल जमत नसेल तर निदान व्याज भरत राहा म्हणजे लिलावाची वेळ सहसा टळते. बचत गटाचा हप्ता मी याच गटात धरते. गटात पत टिकली तर अडीनडीला तिथूनच बऱ्या व्याजाने पैसे मिळतात आणि आपण थकलो तर त्याचा बोजा शेजारच्या बायकांवर पडतो.

तिसऱ्या गटात कार्ड, मोबाईल ॲपवरचं कर्ज, हातउसने. हे लोक सगळ्यात जास्त फोन करतात म्हणून ते पहिले येत नाहीत. फोनचीही मर्यादा आहे. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. धमकावणं, नातेवाइकांना फोन करून बदनामी करणं हेही नियमाबाहेर आहे. आधी संबंधित बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

वीजबिल मधल्या जागी येतं. 2003 च्या वीज कायद्यानुसार थकबाकीसाठी जोडणी तोडण्याआधी 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणून अगदीच ओढ असेल तर तेवढा श्वास घेता येतो. पण महावितरणच्या बिलावर लवकर भरल्यास कमी रक्कम आणि मुदतीनंतर जास्त रक्कम, असे वेगळे आकडे छापलेले असतात. जमेल तेव्हा पहिला आकडा पकडा.

४. व्याज महिन्याचं की वर्षाचं, ते विचारा

हा भाग सावकाश वाचा, कारण घराची सगळ्यात मोठी बचत इथे आहे.

कार्डावर 20,000 रुपये थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे असं धरू. महिन्याचं व्याज झालं 700 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 126. एकूण 826. तुम्ही प्रामाणिकपणे 1,000 रुपये भरलेत तर मुद्दल कमी झालं फक्त 174 रुपयांनी. शिवाय थकबाकी असेपर्यंत कार्डावरच्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून कार्ड फेडायला घेतलं की त्याच दिवशी ते वापरणं थांबवायचं.

घरात थोडं सोनं असेल तर इथे ते कामाला येतं. बँकेचं सोनेतारण कर्ज वर्षाला 12 टक्क्यांनी मिळालं असं धरलं तर 20,000 वर महिन्याचं व्याज 200 रुपये होतं. कार्डाचं 826. मंगळसूत्र गहाण ठेवताना हात जड होतो, ते मला कळतं. पण कपाटात पडून राहिलेल्या बांगडीपायी महिन्याला सहाशे रुपये जादा भरणं घराला परवडत नाही. अट एकच: आलेल्या पैशातून कार्ड पूर्ण बंद करायचं. कार्डही चालू आणि सोनंही गहाण, असं झालं तर दुप्पट अडचण.

'शेकडा तीन रुपये' ऐकायला हलकं वाटतं, पण ते महिन्याचं असतं. वर्षाचे 36 टक्के झाले. तसंच 'फ्लॅट 12 टक्के' सांगून दिलेलं, वर्षभरात समान हप्त्यांत फेडायचं कर्ज प्रत्यक्षात साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतं, कारण मुद्दल घटत जातं तरी व्याज मूळ रकमेवरच आकारतात. खाजगी सावकाराकडे गेलातच तर परवाना पाहा आणि पावती मागा. महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात करता येते.

५. तारीख उलटण्याआधी बोला

शाळेत, घरमालकाकडे, किराणा दुकानात, बँकेत. तारखेआधी गेलेल्या माणसाचं ऐकून घेतलं जातं, तारखेनंतर त्याला जाब विचारतात. जाताना आकडा घेऊन जा. 'जमेल तसं देतो' म्हणण्याऐवजी 'या महिन्यात 800 देतो, पुढचे दोन महिने 1,200' असं सांगा, आणि देता येईल तेवढंच कबूल करा. बँकेत हप्ता लहान करून मुदत वाढवून मागता येते. त्यात एकूण व्याज वाढतं, पण दंड आणि पत खराब होणं टळतं. कामाच्या ठिकाणी उचल मिळत असेल तर ती बिनव्याजी असते का, ते आधी विचारून घ्या.

६. घरातले खर्च

किराणा महिन्याचा भरायचा की आठवड्याचा, याला एकच उत्तर नाही. तांदूळ, डाळ, गहू महिन्याचे घ्या. तेल, साखर, बिस्किटं आठवड्याला मोजून काढा, कारण डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो. गहू आणून गिरणीतून दळून घेणं पाकिटातल्या पिठापेक्षा बहुतेक गावांत स्वस्त पडतं. डाळ, कडधान्यं भिजवून कुकरला लावली की सिलिंडर काही दिवस जास्त चालतं, आणि कॅलेंडरवर तारीख मांडली असेल तर ते नेमकं किती, हे कळतं.

महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिटं स्वस्त, त्यापुढची बरीच महाग. 2,000 वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. 9 वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच विजेवर शंभर तासांहून जास्त जळतो. दिव्यांवरून मुलांना ओरडण्यापेक्षा गिझर आणि इस्त्रीकडे लक्ष द्या.

७. हक्काचं आहे ते घ्या

यात कमीपणा मानू नका. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत मिळतं. कामासाठी दुसऱ्या गावी किंवा राज्यात राहत असाल तर तिथल्या दुकानातही ते उचलता येतं. त्यासाठी आधार जोडणी आणि ई-केवायसी पूर्ण करून ठेवा.

घर बुडतं ते बहुतेक वेळा आजारपणात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण यादीतल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. म्हणून दाखल होताना 'आरोग्यमित्र कुठे बसतात?' हा प्रश्न आधी विचारा; रुग्णालयात या योजनेचं काम पाहणारे ते कर्मचारी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि त्याच नावाची स्वस्त औषधं विकणाऱ्या जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

बँक खात्यातून वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा आणि 436 रुपयांत 2 लाखांचा जीवन विमा मिळतो. ओढाताणीत हे दोन हप्ते बंद करू नका.

८. तूट भरली की पुढे

आपल्या घराचं गणित आता असं: कार्डाचे 1,000 जाऊन सोनेतारणाचे 200 आले, म्हणजे तूट 1,300 वरून 500 वर आली. ते 500 गॅस, वीज, मोबाईलचा लहान रिचार्ज आणि जनऔषधीतून निघू शकतात. त्यापलीकडे महिन्याला 100 रुपये जरी सुटले तरी पोस्टात आवर्ती ठेव सुरू होते. पण ती पाच वर्षांची असल्याने पहिले दोन-तीन हजार साध्या बचत खात्यात वेगळे ठेवा, म्हणजे पुढच्या तापाला किंवा पंक्चरला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

दिवाळीचा बोनस किंवा जादा कामाचे पैसे आले की आधी सोनं सोडवा. त्यानंतर दुचाकीचा हप्ता संपेल तेव्हा ते 2,600 खर्चात मिसळू देऊ नका. त्यातले 1,500 बचत गटाच्या कर्जात जादा भरा, आणि उरलेले 1,100 जूनच्या शाळेच्या खर्चासाठी दर महिन्याला बाजूला टाका.