ब्राउझर उघडला की नेट आपोआप लागतं? या चुका टाळा

दुकानातल्या जुन्या विंडोज एक्सपी मशीनला यूएसबी डोंगल (सिमकार्डवर नेट देणारी कांडी) लावलं, की विंडोज त्याला मोडेमच समजतं. *९९# डायल होतं आणि नेट लागतं. म्हणजे कारभार डायल-अपचाच, नंबर फिरवून नेट लावायचा, अन् दुखणंही तेच जुनं: नको असताना डायल होणं.

पहिली चूक: काही बिनसलं की फॉरमॅट. परभणीकडच्या एका कृषी सेवा केंद्रात ऐन पेरणीत हेच झालं. सकाळी मारलेला डेटा पॅक दुपारी संपायचा. मालक म्हणे, "सर, आम्ही कायबी केलं नाही, आपोआपच लागायलंय." कुणीतरी व्हायरस ठरवून फॉरमॅट मारला. गिऱ्हाइकांची उधारी त्यातच होती, ती गेली. नेट लागायचं ते लागतच राहिलं, कारण त्याच पठ्ठ्याने सगळं पुन्हा पहिल्यासारखं लावून दिलं होतं.

मी कंट्रोल पॅनेलमधून इंटरनेट ऑप्शन्स उघडलं. कनेक्शन्स टॅबमध्ये 'ऑलवेज डायल माय डिफॉल्ट कनेक्शन' निवडलेलं. होमपेज बातम्यांचं. डायलच्या चौकटीत पासवर्ड सेव्ह आणि 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'वर टिक. मग मशीन विचारेल कशाला? पोरगं साठवलेली पावती बघायला ब्राउझर उघडी आणि मागे नेट सुरू.

तिथे 'नेव्हर डायल अ कनेक्शन' निवडा, ती टिक काढा, होमपेजला 'यूज ब्लँक' दाबा. नेट हवं तेव्हा डेस्कटॉपवरच्या कनेक्शनवर डबल क्लिक करा. दोन क्लिकचा कंटाळा असलेल्यांनीच ही टिक मारलेली असते, हे मी पैजेवर सांगतो.

ब्राउझर बदलून भागत नाही. जुना फायरफॉक्सही विंडोजची हीच सेटिंग बघतो.

मेल बघायचा आउटलुक एक्सप्रेस विसरू नका. ऑप्शन्समध्ये जनरलखाली 'चेक फॉर न्यू मेसेजेस'च्या खालच्या खान्यात 'डू नॉट कनेक्ट' ठेवा, आणि सुरू होताच मेल आणायची टिक काढा.

डोंगलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही बऱ्याचदा 'ऑटो कनेक्ट' असतं. ते बंद करा.

एवढं करूनही डायल झालं, तर रनमध्ये सर्व्हिसेस डॉट एमएससी टाकून 'रिमोट ॲक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर' ही आपोआप डायल करणारी विंडोजची सर्व्हिस डिसेबल करा. सर्रास तिथूनच सुरुवात करणारे उत्साही मला आवडत नाहीत.

आणि चालू कनेक्शनमध्ये डोंगल उपटू नका. आधी डिसकनेक्ट करा. नाहीतर पुढच्या वेळी एरर ६३३ (मोडेम आधीच वापरात आहे किंवा नीट लावलेलं नाही) आला की फोन मलाच येतो.