मुलांचं कॉम्प्युटेशनल थिंकिंग तपासायचं कसं?

पाचवी ते आठवीला स्क्रॅच (ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायची मुलांसाठीची भाषा) शिकवणाऱ्या सगळ्यांना हा प्रश्न पडतो की मार्क नक्की कशाला द्यायचे. माझं स्पष्ट मत आहे, प्रोग्राम चालला एवढ्यावर देऊ नका. यूट्यूब बघून ब्लॉक जोडलेला गेमपण चालतो आणि शेजारच्याचं बघून केलेलापण चालतो. आपल्याला बघायचंय ते कॉम्प्युटेशनल थिंकिंग, म्हणजे मूल प्रश्नाचे तुकडे पाडतं का, पॅटर्न ओळखतं का, पायऱ्या क्रमाने सांगतं का आणि गडबड झाली तर ती कुठे झाली हे त्याला शोधता येतं का. यासाठी कॉम्प्युटर लॅब हवीच असं अजिबात नाही.

सुरुवात सोप्या खेळाने करा. तुम्ही १ ते १०० मधला एक आकडा मनात धरा, मुलाने फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारून तो ओळखायचा. काही मुलं १ आहे का, २ आहे का असं सुरू करतात, काही अंदाजे कुठलाही आकडा बोलतात, आणि काही जण ५० पेक्षा मोठा आहे का असं विचारून थेट अर्धे आकडे उडवतात. असं अर्धं अर्धं करत गेलं तर ७ प्रश्नांत आकडा सापडतोच. पण इथे थांबू नका, लगेच विचारा की १ ते १००० असेल तर किती प्रश्न लागतील? जे मूल "अजून तीनच, म्हणजे १०" असं सांगतं आणि का तेही सांगतं त्याला आयडिया खरंच कळलीये, नुसती ट्रिक पाठ नाहीये.

दुसरं काम चूक शोधायचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कळतं ते इथेच. फळ्यावर लिहा: १० पावलं चाल, डावीकडे ६० अंश वळ, हे तीनदा कर. विचारा, काय आकार येईल? बहुतेक जण त्रिकोण म्हणतील कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशाचा हे पाठ असतं. आता खडू घेऊन ग्राउंडवर चालायला लावा, आकार बंदच होत नाही, अर्धा षटकोन होतो! इथे उत्तर सांगायची घाई नको, गप्प राहून बघा मूल काय करतं ते. एकेक पायरी परत चालून बघतं, की वैतागून सगळं पुसून नव्याने लिहितं, की वळायचं ते बाहेरच्या कोनाने म्हणजे १२० अंश हे त्याच्या लक्षात येतं? नंतर विचारा, ६० तसंच ठेवून पूर्ण षटकोन काढायला काय बदलशील.

स्क्रॅचचा प्रोजेक्ट तपासताना मुलाला शेजारी बसवा आणि एक ब्लॉक दाखवून विचारा, हा काढला तर काय होईल? रन करायच्या आधी सांगायचं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या कॅरन ब्रेनन आणि मिचेल रेझनिक यांनी २०१२ मध्ये हेच सुचवलं होतं की मुलाशी त्याच्याच प्रोजेक्टबद्दल बोला. डॉ. स्क्रॅच नावाचं टूल ठरलेल्या निकषांवर प्रोजेक्टला आपोआप स्कोअर देतं, वर्ग मोठा असेल तर सोयीचं आहे, पण ते ब्लॉक बघतं, ते कोणी आणि का लावले हे त्याला कळत नाही.

तयार प्रश्न हवे असतील तर बेब्रास बघा, २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेली ही स्पर्धा भारतातपण होते आणि तिच्या प्रश्नांना प्रोग्रामिंग यावं लागत नाही. फक्त प्रश्न इंग्रजीत असतील तर ते स्वतः मराठीत वाचून दाखवा, नाहीतर तुम्ही नकळत इंग्रजी वाचनाची परीक्षा घेताय.

नोंद ठेवताना १० पैकी ७ असं लिहून काही कळत नाही. त्याऐवजी स्वतः केलं, एक हिंट लागली, बरोबर बसून केलं, अजून जमत नाही, एवढं पुरे, आणि शेजारी मुलाचं एखादं वाक्य जसंच्या तसं. मग दोनेक महिन्यांनी आकडे आणि आकार बदलून तीच कामं परत द्या, आणि हिंट कुठे कमी लागली ते जुन्या नोंदीशी ताडून बघा.