ॲशली नावाचा अर्थ शोधताय? मग या चुका टाळा

वसई, वांद्रे, मडगाव या भागांत ॲशली, स्टॅनली, वेस्ली, क्लिफर्ड ही नावं काही नवलाची नाहीत. इंग्लंडात मात्र ही मुळात आडनावं. आडनाव म्हटलं की ते आधी कुणाचं तरी असणार, पण हे बाजूला ठेवून लोक थेट 'अर्थ काय' म्हणून शोधायला बसतात आणि तिथेच घोळ होतो. ॲशलीचंच उदाहरण घेऊ.

राख नव्हे, झाड

'ॲश म्हणजे राख' असं समजून या नावाला थेट भस्माशी जोडणारेही भेटतात. इथला ॲश म्हणजे युरोपात सर्रास वाढणारं एक झाड. लाकूड चिवट आणि लवचिक, भाल्यांचे दांडे त्याचे करत. जुन्या इंग्रजीत तर या झाडाचा शब्द भाल्यालाही वापरत. पुढचा 'ली' म्हणजे रान, किंवा रानात झाडं तोडून केलेली मोकळी जागा. दोन्ही अर्थ चालतात. स्टॅनलीत हाच 'ली' दगडाळ आहे, वेस्लीत पश्चिमेकडचा, शर्लीत उजळ. बस, एवढंच. 'शांत स्वभावाचा', 'निसर्गप्रेमी' वगैरे जे छापलेलं असतं ते यादी करणाऱ्याने पदरचं घातलेलं. क्रिकेटवाल्यांचा गोंधळ मात्र समजू शकतो: 2005 च्या ॲशेस मालिकेत ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत विजयी धावा काढल्या त्या ॲशली जाइल्सने! ॲशेसमधली राख खरोखर राखच, जाइल्सच्या नावातलं मात्र झाड.

एकच गाव धरून बसू नका

ॲशली नावाची गावं हँपशरमध्ये आहेत, चेशरमध्ये आहेत, स्टॅफर्डशर आणि नॉर्थअँप्टनशरमध्येही आहेत. आपल्याकडे पिंपळगावं जागोजागी आहेत आणि सगळे पिंपळगावकर काही एका कुळाचे नसतात, तसंच हे. आडनाव जुळलं म्हणून नातं जुळत नाही.

आईचं माहेर बघायला विसरू नका

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आडनाव पहिल्या नावाच्या जागी आलं कसं, हे बहुतेकांना विचारावंसंच वाटत नाही. इंग्लंडच्या जमीनदार घराण्यांत सोळाव्या शतकापासून आईच्या माहेरचं आडनाव मुलाचं नाव म्हणून ठेवायची पद्धत रुजली. पिंपळगावकरांची लेक सासरी गेली आणि तिने पोराचं नावच 'पिंपळगावकर' ठेवलं, असा प्रकार! विल्यम कॅम्डेन या इतिहासकाराने 1605 साली याची नोंद करताना म्हटलं की ख्रिस्ती जगात ही रीत फक्त आमच्याकडेच दिसते.

इंग्लंडची जेमतेम नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे, तिचा नवरा गिल्डफर्ड डडली, ज्याचा 1554 मध्ये शिरच्छेद झाला, त्याची आई माहेरची गिल्डफर्ड. विन्स्टन चर्चिल यांचं 'विन्स्टन'ही असंच आलेलं. सतराव्या शतकातले त्यांचे पूर्वज पहिले सर विन्स्टन चर्चिल, आणि त्यांची आई सारा विन्स्टन.

आता ॲशली. डॉर्सेटमधल्या विम्बोर्न सेंट जाइल्स इथे 1621 मध्ये कूपरांच्या घरी मुलगा झाला. आई ॲन, सर अँथनी ॲशली यांची मुलगी. आजोबांचं अख्खं नाव नातवाला दिलं आणि पोरगा झाला अँथनी ॲशली कूपर, म्हणजे पुढचा शाफ्ट्सबरीचा पहिला अर्ल (अर्ल ही इंग्लंडातली सरदारकीची पदवी). त्यामुळे त्याच्या 'ॲशली'चा अर्थ झाडापेक्षा आजोळात जास्त आहे. घराण्याचं आडनाव पुढे ॲशली-कूपर असं जोडूनच चाललं, तेव्हा जुन्या कागदपत्रांत शोधताना दोन्ही शब्दांखाली बघा. अमेरिकेत चार्ल्सटन शहराजवळ ॲशली आणि कूपर अशा दोन नद्या आहेत. 'नदीवरून नाव पडलं' असं कुणी सांगितलं तर ते उलटं आहे. याच अर्लवरून नद्यांची नावं पडली.

नावावरून मुलगा की मुलगी ठरवू नका

ॲशली हे आधी पुरुषांचं नाव. अमेरिकेत ते मुलींकडे इतकं गेलं की 1991 आणि 1992 मध्ये नवजात मुलींच्या नावांत ते पहिल्या क्रमांकावर होतं. ब्रिटनमध्ये मात्र ते पुरुषांमध्येही टिकलं. टेनिसपटू ॲश बार्टी आणि क्रिकेटपटू ॲश गार्डनर या दोघी इंग्रजीत नावाचा शेवट -ley ऐवजी -leigh असा लिहितात, देवनागरीत तो फरक दिसत नाही. म्हणून फॉर्म भरताना पासपोर्टवरचं स्पेलिंग अक्षर न अक्षर बघून उतरवा.

इकडच्या ॲशलीला इंग्रज पूर्वज चिकटवू नका

गोव्यातला किंवा वसईतला ॲशली बहुधा आईच्या माहेरावरून आलेला नसतो. आईवडिलांना नाव आवडलं, कुणी खेळाडू किंवा नट आवडला, की ठेवलं. गोव्याचे माजी मुख्यमंत्री चर्चिल आलेमाव यांच्या नावातही इंग्रजी आडनावच आहे, म्हणून कुणी त्यांचं मूळ इंग्लंडात शोधत नाही.

घराण्याचा शोध घेत चर्चच्या नोंदवहीपर्यंत गेलात आणि ॲशली सापडला नाही, तर लगेच हात टेकू नका. कॅथलिक घरांत अनेकदा सोबत एखाद्या संताचं नावही देतात आणि वहीत तेच आधी असू शकतं. घरातलं हाकेचं नाव सोडा. आईवडिलांची नावं आणि बाप्तिस्म्याचं साल घेऊन पानं उलटा.