जहाजावरची सायबर जोखीम कशी तपासावी

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) हाताळलेल्यांना जहाजाची इंजिन कंट्रोल रूम फार परकी वाटणार नाही. फरक एवढाच, की भर समुद्रात बिघाड झाला तर मेंटेनन्सवाला बाइक काढून तासाभरात येत नाही.

आधी यादी: एक्डिस (इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशा दाखवणारी यंत्रणा), जीपीएस, एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा इतरांना कळवणारी यंत्रणा), इंजिन आणि बॅलास्ट (तोल राखण्यासाठी भरलेलं पाणी) कंट्रोल, सॅटेलाइट टर्मिनल, क्रूचं वायफाय. मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, पासवर्ड फॅक्टरीचाच आहे का, हे लिहा. ड्रॉइंगवर विसंबू नका. केबल धरून स्विचपर्यंत जा. ड्रायडॉकमध्ये (जहाज दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत) 'तात्पुरती' जोडलेली वायर तिथेच सापडते, आणि तिच्यामुळे क्रूचं वायफाय थेट नेव्हिगेशनच्या नेटवर्कला भिडलेलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ एक्डिसला द्या. नकाशांचे अपडेट दर आठवड्याला निघतात आणि बऱ्याचदा पेनड्राइव्हवरून चढवले जातात. त्याच पेनड्राइव्हवर कुणी गाणी भरली, की संपलं! लाल खूण केलेला वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, आधी वेगळ्या संगणकावर स्कॅन करा. दोन एक्डिस असतील तर दोन्ही एकदम अपडेट करू नका.

जीपीएसला खोटा सिग्नल मिळाला तर अलार्म वाजेलच असं नाही. रडारवर ओळखीच्या भूशिराचं अंतर आणि बेअरिंग (दिशेचा कोन) घेऊन पोझिशन ताडून पाहा.

शेवटी शक्यता आणि परिणामाला 1 ते 5 गुण देऊन गुणाकार करा. 15 किंवा जास्त आले तर जहाज सुटण्याआधी दुरुस्ती. परिणाम 5 असेल तर शक्यता 1 असली तरी हाताने चालवण्याचा सराव घ्याच.