दंतआरोग्यावरील जुना मूकपट कसा पाहावा

मुलांना दात घासायला शिकवणारा १९२०च्या दशकातील मूकपट पाहताना आधी त्याचा वेग ठरवावा. कारण सेकंदाला २४ चौकटी (फिल्मवरची एकेक स्थिर चित्रे) हे प्रमाण बोलपटांबरोबर रूढ झाले आणि त्याआधीचे चित्रीकरण बहुधा याहून संथ गतीने होत असे. ४०० फुटांच्या १६ मिमी रिळात १६,००० चौकटी असतात. सेकंदाला १६ चौकटींच्या गतीने ते सुमारे साडेसोळा मिनिटे चालते, तर २४च्या गतीने अवघी अकरा, आणि मग पडद्यावरचे मूल दात घासते आहे की भांडी, हेच कळेनासे होते. मूळ रीळ ३५ मिमीचे असल्यास ते ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मचे असू शकते, म्हणून ते घरी मुळीच चालवू नये.

दृश्यांच्या मधल्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचाव्यात. त्यानंतर कथा आणि प्रात्यक्षिक वेगळे करून पाहावे: वॉल्ट डिस्ने यांनी १९२२ मध्ये कॅन्सस सिटीतील दंतवैद्यासाठी केलेल्या मूकपटात दात जपणाऱ्या मुलालाच नोकरी मिळते, म्हणजे आमिष आरोग्याचे कमी आणि यशाचेच अधिक आहे. घासण्याची पद्धत मात्र त्यातून उचलू नये. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट तेव्हा प्रचारात आलेली नव्हती.