जावात स्ट्रिंगपायी होणारी मेमरीची उधळपट्टी कशी थांबवाल?

जावात एकदा तयार झालेली स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, बदलत नाही. शेवटी नुसता स्वल्पविराम जोडला तरी नवी स्ट्रिंग बनते, जुनी सगळी अक्षरं तिच्यात कॉपी होतात आणि जुनी स्ट्रिंग गार्बेज कलेक्टरच्या, म्हणजे नको झालेली मेमरी साफ करणाऱ्या यंत्रणेच्या, गळ्यात पडते. एकदोनदा असं झालं तर कुणाला कळतही नाही. लूपमध्ये मात्र ते महागात पडतं. प्रत्येकी १० अक्षरांचे १०,००० तुकडे + वापरून एकापुढे एक जोडले, तर हाती येते १ लाख अक्षरांची स्ट्रिंग. वाटेत कॉपी झालेली अक्षरं भरतात सुमारे ५० कोटी.

पायरी १: आधी मोजा

चालू प्रोग्रॅमची नोंद ठेवणारा फ्लाइट रेकॉर्डर जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट संच) ११ पासून सगळ्यांसाठी खुला आहे. नेहमीच्या लोडवर थोडा वेळ रेकॉर्डिंग करा आणि ते रेकॉर्डिंग दाखवणाऱ्या मिशन कंट्रोलमध्ये अ‍ॅलोकेशनचा, म्हणजे कशासाठी किती मेमरी घेतली त्याचा, भाग उघडा. वरच्या ओळींत बाइट अ‍ॅरे दिसला तर पहिला संशय स्ट्रिंगवर घ्या, कारण जावा ९ पासून स्ट्रिंगचा मजकूर बाइट अ‍ॅरेतच राहतो. स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे कुठली मेथड कुठून बोलावली गेली त्या यादीत, ज्या दोनचार मेथड वारंवार दिसतील, तेवढ्याच दुरुस्तीला घ्या.

पायरी २: लूपमधला + काढा

लूपच्या बाहेर एक स्ट्रिंगबिल्डर (बदलता येणारा, मजकूर साठवत जाणारा ऑब्जेक्ट), आत तुकडा जोडणारं अपेंड, शेवटी तयार स्ट्रिंग देणारं टूस्ट्रिंग एकदाच. अपेंडच्या कंसात पुन्हा + लिहू नका. तिथे तात्पुरती स्ट्रिंग बनते आणि निम्मी मेहनत वाया जाते. तुकडे वेगवेगळे अपेंड करा.

बिल्डरला सुरुवातीची क्षमताही सांगा. न सांगितल्यास ती १६ असते. भरली की दुप्पट अधिक दोन, म्हणजे ३४, मग ७०, मग १४२. दर वेळी नवा अ‍ॅरे आणि सगळं पुन्हा कॉपी. अंदाज ढोबळ असला तरी चालतो.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. जावा ९ पासून इंग्रजी मजकूर एका अक्षराला एक बाइट घेतो, पण त्यात एक जरी देवनागरी चिन्ह आलं तरी अख्खी स्ट्रिंग दोन बाइटांच्या हिशोबाने साठवली जाते. बिल्डरचंही तेच: आधी पाचशे इंग्रजी अक्षरं आणि मग एक ‘पुणे’ आलं, की आतला अ‍ॅरे नव्याने, दुप्पट रुंदीचा बनतो. क्षमता ठरवताना काना-मात्राही मोजा. ‘पुणे’ आपल्याला दोन अक्षरं, जावाला चार.

नाव आणि आडनाव जोडणाऱ्या एका ओळीतला + मात्र खुशाल राहू द्या. जावा ९ पासून अशी जोडणी एकाच फटक्यात होते. तिथे बिल्डर घुसवणं म्हणजे निव्वळ हौस.

पायरी ३: नको ते तुकडे पाडू नका

सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलच्या) ओळीतला तिसराच रकाना हवा असेल, तर स्प्लिट सगळ्या रकान्यांच्या स्ट्रिंग बनवून देतं. इंडेक्सऑफने स्वल्पविराम शोधा आणि एकच सबस्ट्रिंग घ्या. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधायचा नमुना) लागतच असेल तर पॅटर्न एकदाच कंपाइल करून स्टॅटिक फायनलमध्ये ठेवा. तुलनेसाठी दोन्ही बाजू लोअरकेस करण्याऐवजी इक्वल्सइग्नोअरकेस आहेच.

लॉगिंगकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. डीबग लेव्हल बंद असली तरी + ने जोडलेला संदेश आधी तयार होतो आणि मगच फेकला जातो. संदेशात महिरपी कंसांची {} जागा सोडून व्हॅल्यू वेगळ्या पाठवा.

जावातला स्ट्रिंग डिडुप्लिकेशनचा पर्याय इथे उपयोगाचा नाही. सारख्या मजकुराच्या, टिकून राहिलेल्या स्ट्रिंगची जागा तो वाचवतो. नव्या स्ट्रिंग बनणं थांबवत नाही.

पायरी ४: पुन्हा मोजा

जेएमएच, म्हणजे जावा कोडची कामगिरी मोजणारं साधन, जीसी (गार्बेज कलेक्शन) प्रोफायलरसह चालवा आणि दर ऑपरेशनमागे किती बाइट लागले ते पाहा. जुन्या आणि नव्या कोडला इनपुट तोच द्या. आकडा हलला नसेल तर बदल मागे घ्या.