नाशिकमध्ये सुरक्षा अभ्यास मंडळ कसं काढायचं: घटनेपासून नकली नाटो परिषदेपर्यंत

नाटो ही अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती, म्हणजे सरकारांची संघटना, पण तिची बाजू लोकांपुढे मांडण्याचं काम करणाऱ्या संस्था नागरिकांच्या आहेत. जर्मनीत अशी संस्था १९५६ पासून आहे, अमेरिकेत अटलांटिक कौन्सिल १९६१ पासून. देशोदेशीच्या अशा संस्थांचा महासंघ, अटलांटिक ट्रीटी असोसिएशन, १९५४ मध्येच उभा राहिला; १९९६ मध्ये त्याला तरुणांची शाखा जोडली गेली. यातली कुठलीही संस्था नाटोचा भाग नाही. व्याख्यानं, शिबिरं, विद्यार्थ्यांच्या नकली परिषदा (विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी होऊन परिषद वठवतात) हे त्यांचं काम.

भारत नाटोचा सदस्य नाही, तेव्हा नाशिकला शाखा काढण्याचा प्रश्नच नाही. पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण, ओझरला विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल. इतकं असून लष्करी करार आणि युत्या नेमक्या चालतात कशा, हे शिकण्याची जागा शहरात सहज सापडत नाही.

मंडळाच्या घटनेतलं, म्हणजे नियमावलीतलं, उद्दिष्ट लिहिताना ‘समर्थन’ हा शब्द टाळा, ‘अभ्यास’ लिहा. ओझरला मिग आणि सुखोई ही रशियन बनावटीची विमानं बनवण्यात हयात घालवलेली माणसं तुमच्या सभेला येणार. रशियाशी त्यांचं नातं कागदावरचं नाही, हातातलं आहे. पहिल्याच पत्रकात नाटोचा जयजयकार दिसला तर ती परत फिरकणार नाहीत, आणि मंडळाला सगळ्यात जास्त गरज त्यांचीच असते.

नोंदणीला किमान सात सभासद लागतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन्हींखालची कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातूनच होतात. नावात ‘राष्ट्रीय’ किंवा सरकारी छाप वाटेल असा शब्द घालू नका, अर्ज तिथेच अडकतो. खरी गडबड मात्र नोंदणीनंतर होते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पाच वर्षं कुणी देत नाही, मग बँक सह्या बदलून देत नाही आणि जुने अध्यक्ष पुण्याला मुलाकडे राहायला गेलेले असतात. दुसरी खाच वर्गणीची: तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी असलेल्या सभासदाला १८६० च्या कायद्याप्रमाणे मत देता येत नाही. म्हणून वार्षिक सभेच्या आधी वर्गणीची वही तपासा, सभेत हात मोजल्यावर नव्हे. हिशेब ३१ मार्चला बंद करून सनदी लेखापालाकडे द्या.

पैशाच्या बाबतीत एकच नियम पाळा: परदेशातून काही घ्यायचं नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी हवी तर संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात, त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात आणि रक्कम फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. छोट्या मंडळाला हे झेपत नाही. सगळ्यात नकळत होणारी चूक भाच्याची. तो कॅलिफोर्नियात आहे, मामाच्या मंडळाला प्रेमानं पाचशे डॉलर पाठवतो. पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गानं आले असतील तर ती परदेशी देणगी नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर आहे, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी. पावती फाडण्याआधी विचारा.

वक्त्यांसाठी निवृत्त अधिकारी शोधा. सेवेत असलेल्यांना परवानगी लागते, त्यांना अडचणीत टाकू नका. फक्त कर्नल-ब्रिगेडियर नकोत; दारूगोळा, रेशन आणि ट्रक यांचं गणित निवृत्त सुभेदार जास्त चांगलं समजावतात. भाषणाच्या आधीच सांगून ठेवा की तुकड्या, ठिकाणं आणि आकडे यांवर प्रश्न घेणार नाही. देवळाली कॅम्पात पोस्टरसाठी फोटो काढत हिंडू नका, गुपितांचा १९२३ चा कायदा अजून लागू आहे.

आता मुख्य काम, नकली परिषद. विषय घ्या २०२२ चा: स्वीडनचा सदस्यत्वाचा अर्ज. मे २०२२ मध्ये फिनलंड आणि स्वीडननं एकत्र अर्ज केला. फिनलंड ४ एप्रिल २०२३ ला आत आलं, स्वीडन ७ मार्च २०२४ ला, कारण तुर्की आणि हंगेरीनं मंजुरी लांबवली. तेव्हाचे ३० देश टेबलाभोवती बसवू नका, १२ पुरे: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, तुर्की, हंगेरी, पोलंड, एस्टोनिया, नॉर्वे, डेन्मार्क, ग्रीस आणि आइसलंड. आइसलंड सोडू नका. स्वतःचं लष्कर नसलेल्या देशाचा नकारही अमेरिकेच्या नकाराइतकाच जड असतो, हे मुलांना तिथेच उमगतं. प्रत्येक देशाला दोघं, म्हणजे २४ विद्यार्थी. खुर्च्या इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमानं लावा.

कॉलेजात संयुक्त राष्ट्रांचं नकली सत्र केलेली मुलं लगेच मतदान मागतात. इथे मतदान नाही, हे सुरुवातीलाच दोनदा सांगा. निर्णय सर्वसहमतीनं होतो आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या सरचिटणीसाला निकाल देण्याचा अधिकार नाही, फक्त जुळवून आणण्याचा आहे. त्या खुर्चीवर वादविवाद गाजवणारा मुलगा बसवला तर तो न्यायाधीश होतो. शांत आणि चिकाटीचं कुणीतरी बसवा.

वेळ अशी धरा: ओळख २० मिनिटं, प्रत्येकी दोन मिनिटांची निवेदनं मिळून २४, मग ७० मिनिटं मोकळी बोलणी, कोपऱ्यात उभं राहून, चहा हातात घेऊन. त्यानंतर सरचिटणीस एका पानाचा मसुदा वाटतो आणि ‘मौन’ सुरू होतं. ठरलेल्या वेळेत कुणी लेखी आक्षेप घेतला नाही तर मसुदा मंजूर. खऱ्या परिषदेत हे मौन तासन्‌तास, कधी काही दिवस चालतं, तुम्ही १५ मिनिटं ठेवा. एकानं चिठ्ठी दिली की मौन मोडलं, पुन्हा बोलणी. त्यासाठी ३० मिनिटं राखून ठेवा.

सत्र फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तुर्की फार लवकर मऊ पडतं. म्हणून त्या जोडीला आदल्या दिवशी बंद पाकिटात मागण्या द्या: पीकेके या तुर्कीविरुद्ध लढलेल्या कुर्द सशस्त्र संघटनेवर कारवाई आणि शस्त्रविक्रीवरचे निर्बंध उठवणं. खऱ्या वाटाघाटींतही मुद्दे हेच होते. दुसरी चूक नाटो कराराच्या कलम ५ ची. एकावर हल्ला झाला की सगळे आपोआप युद्धात उतरतात, असं मुलं ठोकून देतात. करारात प्रत्येक देशानं ‘स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती’ करायची आहे, आणि हे कलम आजवर एकदाच लागू झालं, सप्टेंबर २००१ मध्ये.

मे महिना टाळा. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला चालू असते आणि त्या श्रोत्यांशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. रविवारी सकाळी नऊला सुरू करा, म्हणजे सिन्नर आणि ओझरची मुलं दुपारची बस धरू शकतील. आक्षेपाच्या चिठ्ठ्या मात्र गोळा करून फाइलला लावा, पुढच्या वर्षीची पाकिटं त्यांवरूनच लिहायची असतात.